अवघड बोलणं टाळू नका

आरोग्याचं पान म्हटलं की रक्तदाब, साखर, बाळंतपण, लसीकरण असे विषय डोळ्यांसमोर येतात. या वेळचा विषय गोळी-इंजेक्शनाचा नाही, बोलण्याचा आहे. घरातल्या माणसाशी, शेजाऱ्याशी, दवाखान्यातल्या कर्मचाऱ्याशी जे बोलणं आपल्याला जड जातं, ते कसं करावं याचा.

बोलण्याचा आणि आरोग्याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतल्या वस्त्यांवर फिरताना हा संबंध रोज दिसतो. आजार दवाखान्यात उशिरा पोहोचतो. रस्ता नाही, एसटी चुकली, पैसे नव्हते ही कारणं खरीच आहेत. पण पुष्कळदा कारण घरातच असतं. खोकला तीन महिने चाललेला असतो, बायकोला काळजी वाटते, पण सासूसमोर विषय काढायचा कसा म्हणून ती गप्प राहते. शिरवळच्या कंपनीतलं काम सुटलेला मुलगा घरी येऊन बसतो, जेवत नाही, झोपत नाही, आणि बाप "आळशी झालाय" म्हणून सोडून देतो. अंगावरून जास्त जाणारी बाई वर्षभर कुणाला सांगत नाही. मग एखाद्या रात्री सगळं एकदम बाहेर येतं, आरडाओरडा होतो, आळी गोळा होते, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सगळे गप्प.

म्हणजे आपल्याकडे दोनच वाटा उरतात, गप्प बसणं नाहीतर भांडणं. यांच्यामध्ये एक तिसरी वाट आहे आणि ती शिकता येते. तिला भावनिक समज म्हणता येईल. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली 'इमोशनल इंटेलिजन्स' या नावाने तिची मांडणी केली. १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ते नाव जगभर गेलं. गोष्ट सोपी आहे: आपल्या मनात काय चाललंय ते ओळखायचं, ते सांभाळायचं, समोरच्याच्या मनात काय चाललंय त्याचा अंदाज घ्यायचा, आणि मग बोलायचं. याला शाळेची पाटी लागत नाही. दोन भावांचं बांधावरचं भांडण मिटवायला वाडीतल्या ज्या आजीला बोलावतात, तिच्याकडे हीच समज असते.

आधी आपलं शरीर ओळखा

अवघड विषय निघाला की पहिल्यांदा शरीर बोलतं. छाती धडधडते, कान तापतात, तळहाताला घाम येतो, जबडा आवळला जातो, आवाज चढतो. शरीराला वाटतं की संकट आलंय, लढा नाहीतर पळा. रक्तात ॲड्रिनॅलिन वाढतं. साप दिसल्यावर हे फार उपयोगाचं आहे. पण समोर साप नसून आपली सून, आपला बाप किंवा आपला नवरा असतो, तेव्हा याच घाईत तोंडातून असे शब्द जातात की वर्षभर परत घेता येत नाहीत.

यावर साधा उपाय आहे. श्वास नाकाने सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. असं पाच-सहा वेळा करा. श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके हळू पडू लागतात. तरीही अंग थरथरत असेल तर सरळ सांगा, "मला आत्ता नीट बोलता येणार नाही. मी पाणी भरून येते, मग बोलू." मात्र मग खरंच परत या. सांगून उठणं आणि तोंड फिरवून निघून जाणं यात फरक आहे.

दुसरं म्हणजे भावनेला तिच्या खऱ्या नावाने ओळखा. आपल्याकडे सगळ्या भावनांना 'राग' हे एकच नाव पडलंय. पण रागाखाली हात घालून बघितलं तर बहुतेक वेळा दुसरंच काही सापडतं. पोरगी उशिरा घरी आली म्हणून बाप ओरडतो, त्याच्याखाली भीती असते. नवऱ्याने कर्ज लपवलं म्हणून बायको चिडते, त्याच्याखाली विश्वास तुटल्याचं दुःख असतं. पाहुण्यांसमोर सासू टोमणा मारते, त्यावर सून भांडी आपटते, त्याच्याखाली अपमान असतो. दिवसभर भाताची लावणी करून आलेली बाई पोरावर हात उगारते, त्याच्याखाली निव्वळ थकवा असतो. भावनेला नाव दिलं की तिचा जोर ओसरतो, असं मेंदूवरच्या अभ्यासांतही दिसलंय. "मला राग आलाय" याऐवजी "मला भीती वाटतेय" असं म्हणून बघा. समोरचा माणूसही वेगळं उत्तर देतो.

आता आपल्या वस्त्यांवर नेहमी अडणारी चार बोलणी घेऊ.

पहिलं: "मला टीबी आहे" हे घरात सांगणं

ओळख कळू नये म्हणून तपशील बदलून एक हकीकत सांगते. तिशीच्या आतला एक तरुण. बेडक्याची तपासणी झाली, टीबी निघाला, सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. त्याने घरात कुणालाच सांगितलं नाही. गोळ्या कामाच्या बॅगेत, डब्याच्या पिशवीखाली ठेवायचा. कारण धाकट्या बहिणीची सोयरीक चालली होती. दीड महिन्यात खोकला कमी झाला, बरं वाटायला लागलं, आणि गोळ्या बंद झाल्या.

आशाताई आणि मी घरी गेलो तेव्हा त्याची आई दारातच म्हणाली, "आमच्या घरात असलं काही नाही." तिथे टीबीवर भाषण देऊन काही झालं नसतं. आम्ही अंगणात बसलो. भात कसा आहे, पाऊस किती झाला, असं बोलणं झालं. मग मी विचारलं, "आई, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लोक आमच्याकडे पाणी पिणार नाहीत."

पाण्याचा हा धसका आपल्या समाजात किती जुना आहे ते मी वेगळं सांगायला नको. टीबीचं नाव ऐकताच तिला ते सगळं आठवलं होतं. ते ऐकून घेतल्याशिवाय पुढचं शास्त्र तिच्या कानात शिरलंच नसतं. ऐकून झाल्यावर मी सांगितलं की टीबी ताट-वाटीने, पाण्याने किंवा शिवल्याने पसरत नाही. खोकताना-शिंकताना हवेतून पसरतो. नेमाने औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत लागण होण्याचा धोका बराच कमी होतो. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा आहे आणि तो मध्येच सोडला तर औषधाला दाद न देणारा टीबी होऊ शकतो. तो जास्त त्रासाचा. मग तिने मुलाला हाक मारली.

त्याचा कोर्स पुन्हा सुरू झाला आणि पूर्ण झाला. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. बहिणीची ती सोयरीक मात्र पुढे गेली नाही. घराने पाहुण्यांना खरं सांगितलं, पाहुणे मागे हटले. वाईट वाटलं. पण तिचं लग्न पुढे दुसऱ्या घरी झालं, आणि तिचा भाऊ त्या मांडवात स्वतःच्या पायावर उभा होता.

घरातलं माणूस असा आजार सांगायला आलं की तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिल्यांदा "बरं झालं सांगितलंस" म्हणा. "कुणाकडून आणलास?" हे विचारू नका. आणि त्याचं ताट वेगळं काढू नका. उलट खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा, खिडकी-दार उघडं ठेवा, आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या प्रत्येकाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी बँक खात्यात पैसे येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला १००० रुपये झाली आहे. त्यासाठी खात्याचा नंबर दवाखान्यात द्यावा लागतो.

दुसरं: दारूबद्दल बोलणं

दारूवरचं बोलणं बहुतेक घरांत चुकीच्या वेळेला होतं. माणूस पिऊन आला की बायको, आई, पोरं सगळी एकदम सुरू करतात. दारू चढलेल्या मेंदूला त्यातलं काही कळत नाही आणि सकाळी आठवतही नाही. त्या रात्री फक्त सगळे सुरक्षित राहतील एवढंच बघा. बोलायचं ते सकाळी, तो शुद्धीवर असताना, पोरं शाळेत गेल्यावर.

बोलताना "तुम्ही नेहमी असंच करता", "तुमच्या बापानेही हेच केलं" ही वाक्यं सोडून द्या. एका वेळी एकच घटना घ्या. काय घडलं, मला काय वाटलं, मला काय हवंय, असं क्रमाने सांगा. मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने संवादाची अशीच पद्धत शिकवली. आपल्या भाषेत ती अशी होईल:

"अहो, काल रात्री तुम्ही पायरीवरून पडलात. धाकटी घाबरून रडत होती. मला वाटलं तुम्हाला काही झालं तर आम्ही काय करायचं. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात याल का? फक्त डॉक्टरांशी बोलायला."

पहिल्याच दिवशी "हो" येईल असं नाही. पण शिव्या ऐकायची तयारी करून बसलेल्या माणसाला अशा बोलण्यापुढे भांडण उकरून काढणं अवघड जातं. आणि तो "काय करू, झोप येत नाही, हात थरथरतात" असं काही बोलला, तर मध्ये तोडू नका. त्याने पहिल्यांदाच खरं सांगितलंय.

इथे एक धोका सांगायलाच हवा. अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला शपथ घालून एका दिवसात दारू सोडायला लावू नका. दारू एकदम बंद झाली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापणं, घाम येणं, भास होणं, फिट येणं असे त्रास होतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडली तर हे टाळता येतं. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता यांना सगळे सुनंदा म्हणून ओळखत. तिथे माणसाच्या उपचाराबरोबर घरच्यांशीही बोललं जातं, कारण व्यसन एकाचं असलं तरी आजार घरभर पसरलेला असतो.

नुसत्या बोलण्याने दारू सुटते का? गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच तपासलं. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या साध्या लोकांनी दारूच्या आहारी गेलेल्या पुरुषांशी काही बैठकांत समुपदेशनाचं बोलणं केलं. त्याचा निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीन महिन्यांनी अशा बैठका झालेल्यांपैकी १०० मागे ३६ जण धोकादायक पिण्यातून बाहेर आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत ते २६ होते. चमत्कार नाही, पण १०० मागे १० घरं जास्त सावरली. त्यातलं एक घर आपलं असू शकतं.

आणि एक गोष्ट ठाम. जिथे मारहाण आहे तिथे नीट बोलण्याची जबाबदारी मार खाणाऱ्या बाईवर टाकू नका. "तूच जरा समजून घे" असं सांगणारे नातेवाईक तिचा जीव धोक्यात घालतात. अशा वेळी आधी घराबाहेर पडायचं, शेजारी जायचं, १८१ किंवा ११२ ला फोन करायचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला त्याच घरात राहण्याचा आणि संरक्षणाचा हक्क दिलेला आहे.

तिसरं: "मला जगावंसं वाटत नाही" हे ऐकणं

हे ऐकलं की घरच्यांचे हातपाय गळतात. मग तोंडातून येतं, "वेडा आहेस का?", "असलं बोलायचं नाही", "तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोक काढतात." हे सगळं मायेपोटीच येतं. पण ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की इथे बोलायची सोय नाही. तो पुन्हा बोलत नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की मरणाबद्दल विचारलं तर डोक्यात नसलेला विचार घातल्यासारखं होईल. तसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला मोकळं वाटतं. म्हणून जवळ बसून हळू आवाजात विचारा, "दादा, तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" उत्तर "हो" आलं तर घाबरलात तरी तिथून उठू नका. म्हणा, "तू मला सांगितलंस ते बरं केलंस. आपण दोघं मिळून बघू." मग पुढचा प्रश्न: "कसं करायचं ते ठरवलंयस का?" ठरवलं असेल तर त्याला एक मिनिटही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

घरात तणनाशक, कीटकनाशक, उंदराचं औषध असेल तर ते घराबाहेर, दुसऱ्याकडे कुलपात ठेवा. जीव द्यायची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या घटकेला विष हाताशी नसेल तर माणूस वाचतो आणि मग त्याच्यावर उपचार करता येतात.

एकदा कुणी प्रयत्न केलाच, तर "पोलीस केस होईल" म्हणून दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जाईल आणि त्याला शिक्षा होणार नाही. उलट त्याला उपचार आणि आधार देणं हे सरकारचं काम आहे. बरा होऊन घरी आल्यावर त्याला टोमणे मारू नका आणि वाडीतल्या प्रत्येकाला हकीकतही सांगत बसू नका.

मनाच्या आजारावर बोलायला मोठा डॉक्टरच लागतो असं नाही. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या गावांत 'आत्मीयता' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात गावातल्याच स्त्री-पुरुषांना ऐकायला आणि आधार द्यायला शिकवलं. पुढे तो गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातही गेला. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेला तो भाग. तिथेही गावातल्या कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, घरोघरी बोलले, गरज पडेल त्याला डॉक्टरांपर्यंत नेलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या १०० लोकांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. साधारण दीड वर्षाने हे प्रमाण २७ झालं. त्या गावांत फार काही बदललं नव्हतं. विहीर तीच, शेत तेच, भाव तोच. फक्त लोक बोलायला लागले होते.

भाटघर आणि नीरा-देवघर धरणांच्या काठची गावं असोत की पानशेतच्या पलीकडची खोरी, आपल्याकडेही हे जमू शकतं. प्रत्येक वस्तीत असे दोन-तीन कान तयार झाले तरी पुष्कळ आहे.

चौथं: अपमान झाला तर

इथे काही बांधव म्हणतील, "शांत बोला, समजून घ्या, हे आम्हालाच किती दिवस सांगणार? पिढ्यान् पिढ्या तेच केलं." हा प्रश्न रास्त आहे. म्हणून स्पष्ट सांगते, भावनिक समज म्हणजे मान खाली घालणं नाही.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड येतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथे चवदार तळ्याचं पाणी घेतलं. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ला झाला, जेवणाची भांडी लाथाडली गेली, बायामाणसांनाही मार बसला. जमलेल्यांत लष्करात नोकरी केलेले गडी होते. उलटा हल्ला करायची त्यांची तयारी होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. तो राग त्यांनी वाया जाऊ दिला नाही. हल्लेखोरांवर खटला झाला आणि काहींना शिक्षा झाली. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली आणि मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा दावा दहा वर्षं चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात आपण जिंकलो. रागाचं काय करायचं याचा यापेक्षा मोठा धडा मला माहीत नाही.

दवाखान्यात, रेशन दुकानात, शाळेत कुणी तुच्छतेने बोललं तर याच वाटेने जा. श्वास घ्या. आवाज चढवू नका, पण खाली नजर घालूनही बोलू नका. "मी इथे पेशंट घेऊन आलेय. तुम्ही आत्ता जे बोललात ते मला अपमानाचं वाटलं. आधी पेशंटला तपासा." एवढी तीन वाक्यं पुरे. शंभर पेशंट बघून तो कर्मचारी दमलेला असू शकतो, हे ध्यानात घ्या. पण थकवा हा अपमान करायचा परवाना नाही, हेही ध्यानात ठेवा. उपचार पूर्ण करून घ्या. केसपेपर न घेता रागाने निघून गेलात तर नुकसान आपल्याच पेशंटचं होतं. त्यानंतर तारीख, वेळ, कर्मचाऱ्याचं नाव, बोललेले शब्द, ऐकणारे कोण होते, हे लगेच लिहून काढा. तक्रार वैद्यकीय अधिकाऱ्याकडे किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. जातीवरून चारचौघांत अपमान झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. लिहून काढलेला राग कागदावर टिकतो आणि कामी येतो.

विहारात सराव करता येईल

वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचताना सम्यक वाचा आपण ऐकतो. तथागतांनी चांगल्या बोलण्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आहेत. अवघड बोलण्याआधी त्या स्वतःला प्रश्न म्हणून विचारा. मी बोलणार ते खरं आहे का? ही वेळ बरोबर आहे का? शब्द मऊ आहेत का? याने समोरच्याचं भलं होणार आहे का? माझ्या मनात मैत्री आहे की सूड? पाचांपैकी एकाचंही उत्तर नकारार्थी आलं तर जरा थांबा. गप्प बसायचं असं नाही, तयारी करून पुन्हा यायचं.

पोहायला पाण्यात उतरावं लागतं, तसंच हे आहे. पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास काढा. दोघा-दोघांच्या जोड्या करा. एकाने पाच मिनिटं आपली अडचण सांगायची. दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, "माझ्या बाबतीत तर" म्हणून स्वतःची गोष्ट काढायची नाही. शेवटी फक्त ऐकलेलं परत सांगायचं, "तुला असं वाटतंय, बरोबर ना?" मग जागा बदलायच्या. पहिल्यांदा हसू येईल. तीन-चार पौर्णिमांनंतर फरक दिसेल. पुरुषांनी यात जरूर बसावं, कारण ऐकायचं काम आजवर बायकांवरच टाकलं गेलंय. आणि विहारात ऐकलेलं विहारातच ठेवायचं, हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मान्य करावा. गुपित एकदा फुटलं की पुन्हा कुणी तोंड उघडत नाही.

या महिन्यात एवढंच करा. तुमच्या घरात जे बोलणं बरेच दिवस अडलंय ते एक निवडा. वेळ ठरवा, श्वास घ्या, आणि "मला तुमची काळजी वाटते" या वाक्यापासून सुरुवात करा.

कापून भिंतीवर लावा

टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी: १४४१६ (मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं)
टीबीची माहिती आणि मदत: १८००-११-६६६६
महिला हेल्पलाइन: १८१
पोलीस आणि तातडीची मदत: ११२
रुग्णवाहिका: १०८
मुलांसाठी: १०९८
ज्येष्ठांसाठी: १४५६७
मोफत कायदेशीर सल्ला: १५१००

आपल्या खोऱ्यात मोबाइलला रेंज नसेल तर कुठल्या वळणावर, कुठल्या टेकाडावर रेंज येते ते घरातल्या सगळ्यांना, पोरांनाही, माहीत असू द्या. आशाताईंचा आणि उपकेंद्रातल्या सिस्टरांचा नंबर याच कागदावर हाताने लिहून ठेवा.